पोपट रंगीत, फोटो पुसट: मॅलीच्या रानात दरवेळी होणारा घोटाळा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा रोग हाच आहे का ते कळेल. पक्षी उन्हात, समोर, निवांत बसलेला. ५०० एमएमची लेन्स, शटर १/२००० सेकंद, फोकसचा चौकोन अगदी डोळ्यावर. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास. घरी येऊन मोठा केला की पिसं एकमेकांत कालवल्यासारखी, डोळ्यातला उजेडाचा ठिपका फुटलेला, चोचीची कड दुहेरी. सलग वीस फोटो काढले असतील तर जवळपास सगळेच बिघडलेले, आणि प्रत्येक जरा वेगळ्या तऱ्हेने. त्यातला एखादाच बरा, तोही का बरा ते कळत नाही.

प्रत्येक फोटो वेगळ्या तऱ्हेने बिघडतो, ही खूण महत्त्वाची आहे. हात हलला असेल तर रेषा एका दिशेला ओढली जाते. फोकस चुकला असेल तर डोळा पुसट असतो, पण पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं गवत काटेकोर येतं. आणि इथे कुठेच काही काटेकोर नसतं. पक्षीही नाही, फांदीही नाही, जमीनही नाही.

माझं हे तीन वर्षं चाललं होतं. मी मेलबर्नला राहतो आणि वर्षातून तीन-चारदा वायव्येला हट्टा-कुलकाइन नॅशनल पार्कात जातो. साडेपाच-सहा तासांचा रस्ता. हिरवं शहर मागे पडतं, मग गव्हाची शेतं, मग लाल वाळू आणि मॅली. मॅली म्हणजे निलगिरीच. पण जमिनीतल्या एकाच गड्ड्यातून पाच-सात खोडं छत्रीसारखी वर आलेली. पाऊस इतका कमी की माझ्यासारख्या सांगोल्याकडच्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. या रखरखाटात पोपटांचे रंग मात्र असे की पहिल्यांदा पाहिल्यावर कुणीतरी पिंजऱ्यातून सोडलेत असंच वाटावं: पाचूच्या रंगाचा मल्गा पॅरट, पिवळाजर्द रीजंट पॅरट, गळ्यात पिवळा पट्टा असलेला मॅली रिंगनेक, करड्या-गुलाबी गलाह काकाकुव्यांचे थवे. आणि पिंक कॉकाटू. जुन्या पुस्तकांत हा ‘मेजर मिचेल’ या नावाने सापडेल. १८३६ साली मेजर थॉमस मिचेल या सर्वेक्षकाच्या तुकडीने मरे नदीकाठी माउंट डिस्पर्शन इथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या होत्या. २०२३ मध्ये बर्डलाइफ ऑस्ट्रेलिया या पक्षीसंस्थेने त्याचं नाव या पक्ष्यावरून काढलं. ती जागा हट्टापासून फार लांब नाही.

तर फोटो पुसट. मी आधी सगळ्यांसारखंच केलं, लेन्सला शिव्या दिल्या. ती सर्व्हिसला पाठवली. पाच आठवड्यांनी बिलासकट परत आली, सोबत ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी. चिठ्ठी खरी होती, म्हणून जास्त राग आला.

गुन्हेगार पहिला: झळा

तापलेल्या डांबरी रस्त्यावर पुढे पाणी दिसतं ते मृगजळ सगळ्यांच्या परिचयाचं. त्याचीच धाकटी बहीण म्हणजे झळा. वाळू तापते, वाळूलगतची हवा तापते, ती हलकी होऊन वर सरकते आणि तिच्या जागी थंड हवा येते. गरम आणि थंड हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो. तुम्ही आणि पोपट यांच्यामध्ये ही कालवाकालव अखंड चालू असते. डोळ्याला ती जाणवत नाही, पण ५०० एमएमची लेन्स पक्ष्यासोबत तीही मोठी करून दाखवते.

‘पण मी तर थंडीत जातो’ हे मीही म्हणायचो. इथली थंडी म्हणजे जून ते ऑगस्ट. पहाटे पारा दोन-चार अंशांवर, गवतावर दहिवर. आणि नेमकी तेव्हाच फसगत होते. हवा थंडगार असते आणि नऊ-साडेनऊचं ऊन वाळूवर पडलं की जमीन हवेपेक्षा कितीतरी भराभर तापते. आपल्या अंगात स्वेटर असतो, म्हणून झळा असतील अशी शंकाही येत नाही. झळांचा संबंध उकाड्याशी कमी, दोन थरांच्या तापमानातल्या फरकाशी जास्त.

शटर वाढवून हे जात नाही. १/४००० वर काढलात तर वाकलेल्या पक्ष्याचा गोठलेला फोटो मिळेल, एवढंच. ट्रायपॉडनेही जात नाही. कॉम्प्युटरवर शार्पनेस ओढून तर अजिबात नाही, उलट पिसांवर किडे चालल्यासारखं दिसतं.

अंदाजाने भांडत बसण्यापेक्षा चाचणी घ्या. मी घेतली ती अशी. घरातल्या मराठी दिनदर्शिकेचं आषाढाचं पान घेतलं आणि कुंपणाच्या खांबाला चार पिनांनी लावलं. (इथे आषाढात दहिवर पडतं, याची मला इतक्या वर्षांनीही सवय होत नाही.) पंधरा मीटरवरून आणि साठ मीटरवरून, सकाळी सातला, दहाला आणि दुपारी एकला, दर वेळी दहा-दहा फोटो काढले. सातला पंधरा मीटरवरून तारखेच्या खालची ‘संकष्टी चतुर्थी’ सुद्धा वाचता येत होती. दहाला तेवढ्याच अंतरावरून तिथ्या वाचता येत होत्या, पण अक्षरांची टोकं बोथट. आणि एक वाजता साठ मीटरवरून लाल अक्षरातला रविवारचा मोठा आकडा दर फोटोत वेगळा होता. एकात पोट सुटलेलं, एकात मान वाकडी. लेन्स तीच, कॅमेरा तोच, खांब तर हलण्याचा प्रश्नच नव्हता.

तुमचंही पान सकाळी सातला जवळून काटेकोर आणि दुपारी लांबून पाघळलेलं येत असेल तर लेन्स निर्दोष आहे. सकाळी जवळूनही पाघळत असेल तर मात्र पुढचा भाग वाचा. मी तिथेच अडकलो होतो.

गुन्हेगार दुसरा: गाडी

कारण झळांचं गणित कळल्यावर मी शहाण्यासारखा पहाटे निघू लागलो. सूर्य वर यायच्या आत पाण्याजवळ गाडी लावायची, काच खाली, दारावर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी), त्यावर लेन्स. गाडीला पक्षी घाबरत नाहीत, म्हणून गाडीतून फोटो काढावेत असं सगळेच सांगतात आणि ते बरोबर आहे. तरी फोटो पुसट. सूर्य नुकता उगवलेला, जमीन बर्फ, मग झळा आल्या कुठून?

उत्तर मिळालं ते आईमुळे. ती दोन महिन्यांसाठी आली होती आणि ‘तुझे ते पोपट तरी बघू’ म्हणून सोबत निघाली होती. मागच्या सीटवर शाल, कानटोपी आणि थर्मासमधला चहा. समोर वीस मीटरवर मल्गा पॅरटची जोडी गवताच्या बिया टिपत होती. मी श्वास रोखून फोटो काढतोय आणि मागून आवाज आला, ‘खिडकी सताड उघडी ठेवून हीटर कशाला लावलायस रे? बाहेरच्या पोपटांना ऊब द्यायला?’

मी चिडून हीटर बंद केला. बटण दाबताना वाटलं, आता ही गारठणार आणि मला ऐकवणार. पाच मिनिटांनी फोटो पाहिले तर नराच्या खांद्यावरच्या पिवळ्या पट्टीतलं एकेक पीस सुटं दिसत होतं.

गाडीत बावीस अंश, बाहेर तीन. काच खाली केली की आतली गरम हवा खिडकीतून वर उसळते, आणि ती नेमकी लेन्सच्या तोंडासमोरून जाते. म्हणजे झळा रानात नव्हत्याच, त्या मी पदरचं पेट्रोल जाळून तयार करत होतो. आणि लेन्सला खेटून असलेली ही कालवाकालव तर सगळ्या चित्रावर पसरते. इंजिन चालू ठेवून, किंवा नुकतंच बंद करून, बॉनेटवरून फोटो काढणं हा त्यातलाच प्रकार. बॉनेट निवायला वेळ लागतो. पक्षी गाडीच्या नाकासमोर असेल तर गाडी तिरकी लावा आणि बाजूच्या खिडकीतून काढा.

आता मी शेवटचे दहा मिनिटं हीटर बंद ठेवूनच गाडी चालवतो, पोचल्यावर पुढच्या दोन्ही काचा खाली करतो आणि आतबाहेर सारखं होऊ देतो. लेन्स रात्रभर डिकीत असते, उबदार खोलीत नाही. गरम लेन्स एकदम थंडीत काढली तर तिच्या नळकांड्यातली हवाही निवेपर्यंत हेच खेळ करते. लांबट हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरची उन्हाची टोपी) गरम हवा अडकते, तेव्हा पहिली काही मिनिटं हूड काढून ठेवलं तरी चालतं. आणि लेन्सवर तो स्वस्तातला यूव्ही फिल्टर असेल तर तो आजच काढा. या लेन्सवर तो फक्त आणखी एक काच आहे.

अंतराचं काय करायचं

जवळ जायचं. दुसरा उपाय नाही. जरा हिशेब मांडतो. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५०० एमएम लावली तर साठ मीटरवर फ्रेमची रुंदी सव्वाचार मीटर भरते. मल्गा पॅरट चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण २७ सेंटीमीटर. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात तो लांबीला सुमारे ३७५ पिक्सेल येईल. तोच पंधरा मीटरवर असेल तर १५००. शिवाय मधली हवाही चौपट कमी. ‘नंतर क्रॉप करू’ म्हणणारा माणूस पिक्सेल आणि हवा दोन्हीकडून मार खातो.

पण पोपटाच्या मागे मागे चालून पंधरा मीटर कधीच मिळत नाहीत. त्यांना तुमच्याकडे येऊ द्यावं लागतं, आणि त्या रानात ते हमखास एकाच ठिकाणी येतात, पाण्यावर. दाणे खाणारा पक्षी, दाण्यात पाण्याचा अंश जेमतेम, त्यामुळे रोज प्यायला येणं भाग. साउथ ऑस्ट्रेलियात वायकेरीच्या उत्तरेला ग्लूपॉट रिझर्व्ह आहे. मुळातलं मेंढ्यांचं कुरण, १९९७ मध्ये लोकांच्या वर्गणीतून विकत घेतलेलं, ५४ हजार हेक्टरचं. तिथे पाण्याची डोणी मुद्दाम उंच खांबांवर बसवली आहे, म्हणजे रानबकऱ्यांचं तोंड पोचत नाही, आणि समोर बसायला आडोसा आहे. पक्षी डोळ्यांच्या पातळीला येतो, जमीन खाली राहते. जमिनीपासून जितकं वर तितक्या झळा कमी, त्यामुळे ही डोणी फोटोवाल्यांसाठी दुहेरी सोय आहे. तुमचं पिण्याचं पाणी मात्र तुम्हीच न्यायचं.

पाण्यावर बसायचा एक नियम पाळा. अर्धा तास झाला, झाडावर पक्षी जमलेत, पण एकही खाली उतरत नाही, याचा अर्थ तुम्ही त्यांची वाट अडवून बसला आहात. उठा आणि मागे सरका. पारा चाळिसाच्या वर गेलेल्या दिवशी तर तिथे बसूच नका. त्यांच्यासाठी तो जिवाचा प्रश्न असतो.

बर्क्स पॅरटचं तंत्र वेगळं. तपकिरी पाठ, गुलाबी पोट, आणि प्यायला येणार पहाटेच्या आधी किंवा दिवेलागणीनंतर. हा हट्टाला नव्हे, न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या आतल्या भागात मिळतो. त्याच्यासाठी शटर १/६० पर्यंत खाली आणा, बीनबॅगवर घट्ट दाबून सलग दहा-दहा फोटोंचे बर्स्ट मारा, पक्षी पाण्याला चोच लावून क्षणभर थांबतो तेवढा पुरतो. झळांचा त्रास शून्य, अंधाराचा पुरेपूर.

शार्प झाला, पण रंग जळाला

पुसटपणा गेला की हा दुसरा आजार दिसायला लागतो. गलाहची छाती म्हणजे सपाट गुलाबी डाग, एकही पीस सुटं नाही, जणू रंगाचा डबा सांडलाय. ‘ओव्हरएक्सपोज झालं’ म्हणावं तर हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराचा आलेख, अगदी मध्ये.

इथे हिस्टोग्रामच फसवतो. कॅमेरा नेहमी दाखवतो तो पांढरा हिस्टोग्राम उजेडाचा असतो. त्यात हिरव्याला सगळ्यात जास्त वजन, लाल रंगाला त्याहून बरंच कमी आणि निळ्याला जेमतेम. म्हणजे लाल रंग भिंतीला आपटून सपाट झाला तरी या आलेखाला फारसं कळत नाही. मेनूत जाऊन लाल-हिरवा-निळा असे तीन वेगळे हिस्टोग्राम लावा आणि फक्त लाल बघा. तो उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्सपोजर दोन-तृतीयांश स्टॉपने खाली घ्या (एक पूर्ण स्टॉप खाली म्हणजे निम्मा उजेड). पिंक कॉकाटूसाठी कधी कधी पूर्ण एक स्टॉप. फोटो काळसर वाटेल. वाटू द्या, रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, सावल्या वर ओढता येतात, जळलेला लाल परत येत नाही.

आणि सगळे जिचे गोडवे गातात ती सोनेरी सकाळ इथे आगीत तेल ओतते. कोवळं ऊन स्वतःच लालसर, खालची वाळू लाल, तिचा उजेड परतून पक्ष्याच्या पोटावर, आणि पक्षी मुळात गुलाबी. ऑटो व्हाइट बॅलन्स हे पाहून गोंधळतो. एका फोटोत पक्षी जांभळट, पुढच्यात केशरी. व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर खिळवून टाका, आणि पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘न्यूट्रल’ करा. रॉ काढत असाल तरीही करा, कारण स्क्रीनवरचा हिस्टोग्राम त्या स्टाइलवरूनच काढलेला असतो.

हिरव्या पोपटांचं उलटं. मल्गा पॅरटचा हिरवा हा सरळ रंगच नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेतून निळा उमटतो आणि त्यावर पोपटांच्याच अंगात तयार होणारं पिवळं रंगद्रव्य असतं, दोन्ही मिळून हिरवा. दुपारच्या उभ्या उन्हात पिसांवर पांढरी चकाकी येते आणि हा सगळा कारभार धुऊन निघतो. हिरव्यासाठी मला पातळ ढगांचा दिवस उन्हापेक्षा केव्हाही चालतो. त्या दिवशी वाळूही कमी तापते.

उरलेल्या किरकोळ तक्रारी

फोकस गवतावर जातो: जमिनीवर चरणाऱ्या पोपटांत हे होणारच. डोळा ओळखणारा फोकस गवताच्या तुऱ्यालाही डोळा समजतो. अशा वेळी ती सोय बंद करून एकच लहान ठिपका वापरा, आणि पक्षी मान वर करीपर्यंत थांबा. पोपट पाच-सात दाणे टिपून मान वर करतोच. खाली झोपून काढलंत तर पुढचं गवत धूसर पडदा होतं, छान दिसतं, पण झोपण्याआधी जमीन बघा. मी गुडघा टेकला आणि ओरडलोच. आईने पँटला रुतलेला काटा काढून उजेडात धरला आणि म्हणाली, ‘अगंबाई, सराटा! हा इथवर आला?’ आपल्या माळावरचा तोच सराटा, इथेही तण म्हणून बदनाम. जाड रबरी चटई नेत जा.

सगळे एकदम उडतात: तिथे शेंडीवालं एक कबूतर असतं, क्रेस्टेड पिजन. ते दचकून उडालं की त्याच्या पंखातल्या एका खास पिसाचा शिट्टीसारखा आवाज होतो, तोच इशारा. माझ्या समोरचे पोपट त्या शिट्टीवर कैकदा उडालेत. त्यामुळे मी आता आधी कबुतरं कुठे बसलीत ते बघतो आणि त्यांच्या अंगावरून जाणं टाळतो.

तुरा उघडलेला मिळत नाही: पिंक कॉकाटूचा लाल-पिवळा पट्ट्यांचा तुरा हवा असेल तर बसलेल्या पक्ष्यावर वेळ घालवू नका. उतरताना तो तुरा उघडतो, एखादा सेकंद. रानटी टरबुजांचा वेल शोधा, आपल्याकडच्या कवंडळासारखी छोटी फळं असतात. त्या बियांवर हे जीव टाकतात. तिथे उतरत्या पक्ष्यासाठी १/२५०० लावून बसा.

बजरिगारचे थवे अंगावर येतात आणि एकही फोटो धड येत नाही: याला माझ्याकडे औषध नाही. आपल्याकडे पिंजऱ्यात ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात तेच हे. निळे-पांढरे पैदाशीतून आलेले, रानात सगळे हिरवे. हजारभर पक्षी एका झटक्यात वळतात तेव्हा कॅमेरा कुठल्या एकाला धरावं ते ठरवू शकत नाही आणि मीही नाही. मी आता २०० एमएमची लेन्स लावून थवाच्या थवा घेतो.

आई सोबत होती त्या दिवशीच्या फोटोंत मल्गा पॅरटच्या नराचे एकशे चाळीस होते, मादीचे तीन. मादी फिकट, मातकट हिरवी, खांद्यावर जरासा लाल ठिपका. मी तिला पुसणारच होतो. आई लॅपटॉपजवळ उभी होती, म्हणाली, ‘ती राहू दे, तिच्या पायाखालची वाळूसुद्धा मोजता येतेय बघ.’ मोठा करून पाहिला. हीटर बंद केल्यानंतरचा पहिला फोटो तो होता.